खिळ्यावरचं झाकण

तुमच्या घरातलं एखादं भांडं तुम्ही नुसत्या आवाजावरून ओळखाल का? हसू नका, जरा विचार करून सांगा. शेजारच्या घरात काही पडलं तर "आपलं नव्हे" हे आपल्याला बसल्या जागी कळतं की नाही? कान ते काम आपल्याला न विचारताच करत असतात. धाकटीच्या कानांनीही ते एका संध्याकाळी केलं. आज ती त्या गोष्टीबद्दल बोलते ते हलक्या मनानं बोलते, पण संपूर्ण गोष्ट सांगायची वेळ आली की उठून आधी दाराची कडी लावून येते.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. आता तिच्या केसांत पांढरं दिसू लागलंय, मुलगी मोठ्या परीक्षेला बसलीय, तरी सगळ्यांच्या तोंडी ती धाकटीच. थोरली होती तोवर त्या नावाला अर्थ होता. थोरली, म्हणजे तिची जाऊ, त्या संध्याकाळच्या आदल्या वर्षी आजारपणात गेली. घरीच गेली, अंथरुणात, सगळी माणसं जवळ असताना. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. रडण्यासारखं मात्र पुष्कळ होतं.

थोरलीचा नवरा, म्हणजे धाकटीचे भाऊजी, सुतार. धाकटीचा नवरा त्याच कारखान्यात पॉलिशचं काम करतो. थोरला भाऊ खुर्ची करणार, धाकटा ती चकाकवणार, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. वर्षातून एकदा, हवा जरा कोरडी झाली की, दोघं भाऊ, त्यांच्या बायका आणि शेजारचं जोडपं समुद्रावर दोन दिवस तंबू ठोकून राहायचे. शेजारीण दवाखान्यात परिचारिका, तिला सगळे सिस्टर म्हणत. तिचा नवरा बसचा ड्रायव्हर. लाटांमध्ये गळ टाकायचा, मिळेल ते शिजवायचं, सगळ्यांनी मिळून खायचं, बस्स. दुसरा काही कार्यक्रम नसायचा.

थोरली गेल्यानंतरच्या वर्षी कुणी तो विषय काढेना. शेवटी धाकटीनंच काढला. कारण साधं होतं. भाऊजी माणसांत जेवेनासे झाले होते. ताट वाढलं की "ठेव तिथं" म्हणायचे आणि उशिरा, एकटे, गार झालेलं खायचे. कधी तेही नाही. शर्टाच्या आत माणूस कमी होत चाललाय हे धाकटीला कपडे वाळत घालताना दिसायचं.

तेव्हा एका दुपारी कारखान्यात बैठक बसली. पॉलिशच्या वासात, अर्धवट घासलेल्या खुर्च्यांवर, गुडघ्यावर चहाचे कप ठेवून. पहिलं जेवण सिस्टर घरून करून आणणार. संध्याकाळचा रस्सा-भात धाकटीकडे. सकाळचा चहा-नाश्ता पुरुषांनी बघायचा, म्हणजे शेवटी कुणी बघायचा हे बायकांना ठाऊकच होतं. गाडी ड्रायव्हरची, जुनी, पत्र्याची. तिचा हॉर्न कधीचाच बंद पडला होता. धाकटीच्या नवऱ्यानं त्यावरून टोमणा मारला, तर ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "ब्रेक लागतात ना? मग हॉर्नचे लाड कशाला. दिवसभर बसमध्ये तेच ऐकतो मी."

मग कुणीतरी थोरलीची आठवण काढली. थोरलीकडे मोठ्या पातेल्याचं जाड पितळी झाकण होतं, माहेरून आणलेलं. किनाऱ्यावर जेवायला बोलवायचं झालं की ती ते एका हातात लटकतं धरून त्यावर भाताचा डाव मारायची. दोन ठोके जोडून, एक सुटा. दोन जोडून, एक सुटा. आवाज असा खणखणीत की किनाऱ्याच्या त्या टोकापर्यंत जायचा. आणि शेवटचा माणूस येऊन बसेपर्यंत ती थांबायची नाही. बसला की झाकणावर तळवा दाबायची, आवाज एकदम बंद. ओळख ना पाळख असा कुणी गळवाला आवाज ऐकून आला तरी त्यालाही ताट असायचं. "ऐकून आला तो आपला," म्हणायची.

"पण बोलवायची तेव्हा भात कच्चा असायचा," सिस्टर म्हणाली. "दरवेळी. आम्ही आपले रिकामी ताटं घेऊन बसलोय."

सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. हातातल्या लाकडाच्या तुकड्यावर अंगठा फिरवत म्हणाले, "तुम्ही जा. मी येईन तर येईन. मला कुणी बोलवायला नको."

ते आले. धाकटीला तेवढंच हवं होतं. पण ते शेवटचं वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. सामान बांधताना तिनं भिंतीवरच्या खिळ्यावरचं ते पितळी झाकण काढलं, पुसलं, आणि पुन्हा खिळ्यावर अडकवलं. तो आवाज भाऊजींना सोसायचा नाही असं तिला वाटलं. पातेलं घेतलं, डाव घेतला, झाकण घरी ठेवलं. किनाऱ्यावर सिस्टरनं विचारलं तेव्हा "अगं, विसरले बघ" असं म्हणून वेळ मारून नेली आणि पातेल्यावर एक ताट पालथं घालून वर दगड ठेवला. कुणाला काही वाटलं नाही. भाऊजी गळाची काठी जोडत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

दिवस छान गेला. ऊन कोवळं होतं, सिस्टरचं जेवण चवीचं होतं, ड्रायव्हरचा दोरा धाकटीच्या नवऱ्याच्या दोऱ्यात अडकला आणि दोघं अर्धा वेळ गाठी सोडवत एकमेकांच्या वाडवडिलांचा उद्धार करत बसले. तंबू किनाऱ्यावर वरच्या अंगाला, झुडपांच्या आडोशाला होते. तिथंच चूल. समोर ओली वाळू, मग पाण्याची एक खोलगट पट्टी, आणि तिच्या पलीकडे ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा लांब दांडा. मोठे मासे त्या दांड्याच्या पलीकडच्या लाटांत. भाऊजी दरवर्षी तिथंच जाऊन उभे राहायचे. जाताना मधलं पाणी गुडघ्याला लागायचं.

दुपार कलल्यावर ते गेले. मोबाइल तंबूत टाकून गेले, तसंही तिथं रेंज येत नव्हती. धाकटी चुलीपाशी होती. तिनं पाहिलं, पाठमोरे, काठी खांद्यावर, एकदाही न वळता.

मग धुकं आलं.

आधी नुसतं ऊन फिकं झालं. मग समुद्राचा आवाज बदलला, जवळही नाही आणि लांबही नाही असा झाला. थोड्या वेळानं धाकटीनं भात ढवळून, ताट आणि दगड परत ठेवून मान वर केली तर दांडा नव्हता. पाणी नव्हतं. समोर पांढरं होतं, ओलं, आणि त्याला एक वास होता, बराच काळ न उघडलेल्या कपाटासारखा. शेजारी उभी असलेली सिस्टर धुरकट दिसत होती.

"येतील आता," सिस्टर म्हणाली. "इतकी वर्षं येतायत इथं. त्यांना सगळं ठाऊक आहे."

धाकटी हो म्हणाली. आणि तेवढ्यात तिची नजर डाव्या हाताच्या काळ्या खडकाकडे गेली. तो जवळच होता म्हणून दिसत होता. भाऊजी गेले तेव्हा त्याच्या पायथ्याशी कोरडी वाळू होती. आता पाणी त्याच्या कमरेला चाटत होतं. हा खडक बघत थोरली बसायची, तिला आठवलं. पाटावर, चुलीकडे पाठ करून. धाकटी कितीदा म्हणायची, जाऊबाई, इकडे रस्सा उतू जाईल. तर थोरली म्हणायची, तो तू बघ... मी हे बघते.

हातातला डाव तसाच राहिला. आत्ता कुठे तिच्या ध्यानात आलं. थोरलीनं कच्च्या भातावर उगाच बोलावलं नव्हतं. ती जेवायला बोलावतच नव्हती. खडक भिजला की ती झाकण वाजवायची. मधली खोलगट पट्टी आधी भरते. दांड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखाली कोरडं असतं, नजर समोरच्या लाटांवर असते, आणि पाठीमागे पाणी गळ्याला येतं. एवढ्या वर्षांत भाऊजींनी पाण्याकडे बघून परतायचं कधी ठरवलंच नव्हतं. ते काम झाकणाचं होतं. आणि झाकण तिनं स्वतःच्या हातानं घरी खिळ्यावर अडकवलं होतं.

तिनं नवऱ्याला हाक मारली. तिच्या आवाजावरूनच तो धावत आला, मागोमाग ड्रायव्हर. सगळे पाण्याच्या कडेला गेले. हाका मारल्या. धुक्यात हाक तोंडासमोरच विरघळल्यासारखी होत होती. विजेरी लावली तर पांढरी भिंत उजळली, पलीकडचं काही दिसेना. ड्रायव्हर सवयीनं गाडीकडे वळला आणि दोन पावलांवर थांबला. हॉर्न बंद होता. त्याचा चेहरा धाकटीला दिसला नाही, पण तो तसाच पाठमोरा उभा राहिला एवढं दिसलं. सिस्टरनं एक ताट आणून त्यावर चमचा बडवला. पातळ पत्र्याचा आवाज लाटांत कुठल्या कुठे गेला.

धाकटीचा नवरा पाण्यात शिरला. मांडीपर्यंत गेला, कमरेपर्यंत गेला, आणि तिनं मागून त्याचा शर्ट धरला.

"सोड."

"कुठे जाणार? दिशा सांगा मला आधी... कुठल्या दिशेला आहेत ते?"

तो तिथंच उभा राहिला, आणि लहान मुलानं मारावी तशी त्यानं "दादा" अशी हाक मारली. उत्तर आलं नाही. पाणी त्याच्या पोटावर चढत होतं. धाकटीनं शर्ट सोडला नाही. तिला तेव्हा भाऊजींचं ते वाक्य आठवलं, मला कुणी बोलवायला नको. एक भलताच विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो तिथंच दाबला. हाक ऐकू आली तरी ते येतील का...

आणि झाकण वाजलं.

दोन जोडून, एक सुटा.

आवाज मागून आला. किनाऱ्याच्या वरच्या अंगाकडून, तंबूंकडून, चुलीपासून. खणखणीत, जाड, शेवटी थोडा थरथरणारा. दोन जोडून, एक सुटा. चौघंही इथं, पाण्यापाशी होते. तिकडे कुणी नव्हतं.

सिस्टरचा हात धाकटीच्या दंडावर आला. तो गार होता.

"तू झाकण आणलं नाहीस ना..." ती कुजबुजली.

धाकटीनं मान हलवली. तिला मागे वळून बघायचं नव्हतं. बघितलं असतं तर तो आवाज थांबला असता असं तिला वाटलं, आणि तो थांबून चालणार नव्हतं. एवढी भीती वाटत असताना तिनं मनातल्या मनात एकच गोष्ट म्हटली: वाजवा, जाऊबाई, वाजवा.

घाई नव्हती त्या वाजवण्यात. नेहमीसारखं होतं. दोन जोडून, एक सुटा, आणि मध्ये दम घेतल्यासारखी जागा. धुक्यात बाकी सगळे आवाज दिशा हरवत होते, पण ह्याला दिशा होती. सरळ मागून येऊन सरळ पुढे समुद्रात जात होता, ताणलेल्या दोरीसारखा.

किती वेळ गेला कुणी सांगू शकत नाही. मग पांढऱ्यात काहीतरी काळं हललं. आधी काठीचं टोक दिसलं. मग डोकं, मग खांदे. पाणी छातीशी होतं. एका हातात डोक्यावर धरलेली काठी, दुसऱ्या हातात कल्ल्यातून दोरी ओवलेला भला मोठा मासा. पावलं अडखळत होती, पण नजर आवाजाकडे लावलेली. तोंडानं पुटपुटत येत होते, वैतागल्यासारखं, दरवर्षी पुटपुटायचे तसंच.

"आलो, आलो. किती वाजवशील."

भावानं पुढे होऊन त्यांना मिठी मारली तेव्हा मासा दोघांच्या मध्ये आला, आणि ड्रायव्हर रडायच्या बेतात असताना हसला. सिस्टरनं तिथल्या तिथं भाऊजींची नाडी बघितली, त्यांचे हात चोळले, आणि काही झालेलं नाही असं दवाखान्यातल्या आवाजात जाहीर केलं. धाकटी वाळूत मटकन खाली बसली. इतकं हलकं तिला किती तरी दिवसांत वाटलं नव्हतं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की आवाज अजून चालूच आहे.

दोन जोडून, एक सुटा.

सगळी माणसं तर आली होती. सिस्टरनं ओठांतल्या ओठांत माणसं मोजली, मग परत मोजली. भाऊजी तंबूंच्या दिशेला तोंड करून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कान देऊन ऐकत होते.

"शेवटचा येईपर्यंत ती थांबत नाही," ते हळूच म्हणाले.

पाठीमागे समुद्र होता आणि समोर तो आवाज, आणि मधे ते उभे होते, एकमेकांना चिकटून. धाकटीला वाटलं, आपल्या बाजूनं काहीतरी ओलं, गार, वाऱ्यासारखं पण वारा नव्हे असं गेलं. कपाटाचा तो वास क्षणभर दाट झाला. मग आवाज एकदम बंद पडला. विरत विरत नाही. झाकणावर तळवा दाबावा तसा.

ते वर गेले तेव्हा चूल नीट जळत होती. पातेल्यावर ताट पालथं, ताटावर दगड, जसाच्या तसा. डाव तेवढा धाकटीच्याच हातात होता. पाण्याकडे धावताना तो खाली ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं, मूठ इतका वेळ आवळलेली होती की बोटं उघडायला त्रास झाला.

धुकं आलं तसं गेलं. कोरडे कपडे घालून सगळे चुलीभोवती बसले. धाकटीला राहवेना. तिनं सांगून टाकलं, की झाकण विसरले नव्हते, मुद्दाम ठेवलं. भाऊजींना त्रास होईल म्हणून.

भाऊजी चुलीकडे बघत होते. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "निघताना मी खिळ्यावर पाहिलं ना ते. मला वाटलं, बरं झालं."

त्यांनी आपलं ताट पुढे केलं.

"वाढ धाकटे. भात शिजलाय ना आज तरी?"

तो चेष्टेचा सूर ऐकून धाकटीचे डोळे भरले. भाऊजी जेवले. सगळ्यांच्यात बसून, गरम गरम, दोनदा मागून घेऊन जेवले. आपण पकडलेल्या माशाचं डोकं कुणाला द्यायचं यावरून भावाशी भांडले. ड्रायव्हरनं हॉर्न दुरुस्त करायची शपथ घेतली, आणि सिस्टरनं ती त्याला तिथंच तीनदा म्हणायला लावली. नेहमीपेक्षा मोठ्यानं हसत होते सगळे. चुलीशेजारी एका माणसापुरती जागा मोकळी राहिली होती, आणि कितीही सरकून बसले तरी ती भरत नव्हती.

उरलेल्या रश्शावर धाकटीनं पुन्हा ताट पालथं घातलं, दगड ठेवला. थोरली गेल्यापासून पहिल्यांदाच तिला गाढ झोप लागली. भाऊजी शेजारच्या तंबूत घोरत होते, आणि तो आवाज झोपेतसुद्धा तिला गोड वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन स्वच्छ पडलं होतं. सगळ्यांत आधी धाकटी उठली. पातेल्यावरचा दगड काढून बाजूला ठेवलेला होता आणि पातेलं उघडं होतं. ताट चुलीशेजारच्या त्या मोकळ्या जागी होतं, त्यातलं सगळं जेवून झालं होतं, आणि माशाचे काटे एका कडेला नीट लावून ठेवले होते. ताटापुढच्या वाळूत कुणी मांडी घालून बसावं तेवढी ओल होती. भोवतालची वाळू कोरडी होती, तिच्यावर येणारं किंवा जाणारं एकही पाऊल नव्हतं. बसणाऱ्याचं तोंड समुद्राकडे नव्हतं, तंबूंकडे होतं. ऐकून आला तो आपला, थोरली म्हणायची. धाकटीनं कुणाला हाक मारली नाही. तिनं ते ताट उचललं, विसळलं, आपल्या ताटांमध्ये ठेवलं, आणि चहाला आधण टाकलं.